नऊ बोल्टांचा पत्रा

“घर एक की दोन?” मोजणीवाल्याने विचारलं, आणि मी म्हणालो, “एकच.”

एवढंच झालं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. मोजणीवाला दारात उभा होता, एका हातात कागद लावलेलं पॅड आणि दुसऱ्या हातात लाल रंगाचा डबा. आत लंबूच्या मुलीचं घर बघायला आलेली माणसं चहा पीत बसली होती. मुलाचे आईवडील, त्याची आत्या, खुद्द मुलगा आणि आणखी तिघं, ज्यांचं नातं मला शेवटपर्यंत कळलं नाही. लंबू म्हणजे माझा शेजारी. ताडमाड उंच, म्हणून सगळी वस्ती त्याला लंबू म्हणते आणि आम्ही दोघं बरोबर चाललो की मला टिंगू. मोजणीवाल्याने नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. वीस फूट लांब खोली, दोन दारं, दोन शेगड्या. दोन शेगड्यांबद्दल आत्याबाईंचं आधीच विचारून झालं होतं, आणि वहिनी म्हणजे लंबूची बायको “एक नुसत्या पाण्याला” असं न अडखळता बोलून गेली होती. मोजणीवाल्याने प्रश्न विचारला तो लंबूला. लंबूने बशी खाली ठेवली. मुलाच्या वडिलांनी मान वर केली. आणि लंबू तोंड उघडणार एवढ्यात माझ्या तोंडून ते निघून गेलं. वर मी हसलोसुद्धा. मोजणीवाल्याने लंबूच्या चौकटीवर ४१२ लिहिलं, माझ्या दारावर एक आडवी रेघ ओढली आणि तो पुढच्या घराकडे वळला. रंग ओला होता. रेघेतून एक थेंब ओघळत कडीपर्यंत आला, आणि तो कडीपर्यंत पोचेल की मधेच सुकेल एवढंच मी बघत राहिलो.

आमच्या ओळीत खोल्या दहा-दहा फुटांच्या. दहा फुटांत चार माणसं राहू शकतात, सहासुद्धा राहतात, पण त्यात पाहुणा बसू शकत नाही. पाहुण्याला बसवायचं तर घरच्यांनी बाहेर उभं राहायचं, आणि मग पाहुणा बोलणार कोणाशी? म्हणून माझ्या आणि लंबूच्या खोलीत भिंत नाही, पत्रा आहे. नऊ नट-बोल्टांनी बसवलेला. ज्याच्याकडे पाहुणे येणार त्याने तीनदा ठोकायचं. पलीकडच्याने काही न विचारता पान्हा घ्यायचा, अलीकडून बोल्ट धरायचा, पलीकडून नट फिरवायचा. दहा मिनिटांत पत्रा खाली. तो बाहेर नेऊन गटारावर आडवा टाकायचा, म्हणजे खोली मोठी दिसते आणि गटार दिसतच नाही. एका पत्र्यात दोन कामं. पाहुणे त्यावरून चालत आले की धबधब वाजतं, तेवढ्यात आतल्यांनी चेहरे नीट करायचे. पलीकडचं कुटुंब त्या दिवसापुरतं घरचंच. मी लंबूच्या पाहुण्यांचा काका असतो, माझ्या बायकोच्या माहेरचे आले की लंबू माझा थोरला भाऊ असतो. उंचीवरून कोणाला शंका आली तर तो म्हणतो, “लहानपणी याच्या वाटचं दूधही मीच प्यायलो.” हा विनोद त्याने इतक्यांदा केलाय की आता हसण्याआधीच माझे गाल वर जातात. पाहुण्यांसमोर कोणी विचारलं, हे कोणाचं, तर उत्तर ठरलेलं आहे. आमचंच. सगळं एकच. आजवर हेच उत्तर दिलं, तेच त्या दिवशी दिलं. फक्त विचारणारा पाहुणा नव्हता.

पाहुणे गेल्यावर आम्ही दोघांनी पत्रा परत लावला. बोल्ट धरताना मला पलीकडे त्याचे हात दिसत होते.  सातव्या बोल्टाला तो म्हणाला, “तू बोललास ते...” मी म्हटलं, “घट्ट झाला का बघ.” तो म्हणाला, “झाला.” संध्याकाळी बायको कामावरून आली. ती एका उंच इमारतीचे जिने पुसते, चौदा मजले, वरून सुरुवात करते आणि खाली येईतो वरचे पुन्हा घाण झालेले असतात. दारावरची रेघ बघून तिने विचारलं, “हे काय?” मी सांगितलं. तिने पिशवी खाली ठेवली नाही. पिशवी हातात धरूनच उभी राहिली. मग म्हणाली, “भीड ही भिकेची बहीण. माझी आई म्हणायची, मला वाटायचं उगीच म्हणते.” मला वाटलं होतं ती रडेल किंवा भांडी आपटेल. तिने दाराची रेघ ओल्या फडक्याने पुसून बघितली. जिने पुसणाऱ्या हाताने जे डाग निघत नाहीत ते कोणाच्यानेच निघत नाहीत. ती आत आली आणि स्वयंपाकाला लागली. मी जेवलो. चव लागत नव्हती असं म्हणायला हवं, पण लागत होती. नेहमीसारखीच लागत होती आणि त्याचंच मला आश्चर्य वाटलं.

नंबराचा अर्थ वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. वस्ती पाडणार. नंबर असेल त्याला नव्या इमारतीत खोली, विटांची, नळाची. नसेल त्याने आपलं बोचकं उचलायचं. कुठे न्यायचं हे कागदावर लिहिलेलं नव्हतं. माझ्या बायकोने लग्नाआधी सोळा खोल्या बदलल्या. बाप भाड्याच्या खोलीवरून भाड्याच्या खोलीवर फिरायचा. प्रत्येक खोली तिला पाठ आहे. कुठे खिडकी होती, कुठे छत गळायचं, कुठल्या घरमालकिणीने तिच्या बाहुलीसकट सामान रस्त्यावर ठेवलं. लग्न होऊन या खोलीत आली तेव्हा पहिल्या दिवशी तिने विचारलं होतं, “ही आपली ना?” मी हो म्हटलं होतं. आम्हाला मूलबाळ नाही. ती खोलीचंच करते सगळं, पुसते, सारवते, रंगवते, आजारी माणसाजवळ बसावं तशी भिंतीला टेकून बसते. मी तिला हो म्हटलं ते खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं, आणि ते ठाऊक असणारी जिवंत माणसं दोनच उरली होती. एक मी. दुसरा दहा इंचांवर, पत्र्यापलीकडे खोकत होता.

सकाळी मी आणि लंबू कामावर गेलो. आम्ही एका रुग्णालयाच्या धुलाईत आहोत, सतरा वर्षं, एकाच जागी, समोरासमोर. धुतलेली चादर गरम रुळांतून निघते आणि बाहेर पडता पडता दोन टोकं त्याने धरायची, दोन मी. तो म्हणतो, “ताण.” मी ताणतो. एक झटका, चादर उभी दुमडायची, परत झटका, परत दुमडायची. मग चालत एकमेकांकडे जायचं. माझ्या हातातली टोकं तो घेतो, मी वाकून खाली लोंबणारी घडी उचलतो, मागे सरकतो, पुन्हा पुढे. तो उंच म्हणून हात खाली धरतो आणि मी टाचा उचलतो, इतक्या वर्षांत आमची उंची छातीपाशी कुठेतरी जमली आहे. दिवसाला चारशे चादरी. म्हणजे चारशे वेळा आम्ही एकमेकांपर्यंत जातो आणि परत येतो. चादरी गरम असतात. आधी फोड यायचे, मग फोडही थकले. माझ्या बोटांच्या टोकांना आता काही कळत नाही. उकळत्या चहाचा पेला मी कडेने न धरता तसाच धरतो, लोक बघतात. सुई टोचली तर रक्त दिसल्यावर समजतं. डॉक्टर तिथे पुष्कळ आहेत, पण चादर घडी करणाऱ्याने बोट दाखवावं असे ते नाहीत. त्या सकाळी आम्ही चादरींच्या घड्या घातल्या. तो “ताण” म्हणाला, मी ताणलं. दर वेळी त्याच्यापर्यंत पोचलो की त्याचं तोंड माझ्यापासून हातभर असायचं, आणि दर वेळी वाटायचं आता बोलेल. चारशे वेळा वाटलं. त्यालाही माझ्याबद्दल तसंच वाटत असणार.

आई सांगायची ते असं. ती मला कडेवर घेऊन या वस्तीत आली तेव्हा मी दहा महिन्यांचा होतो. वडील कुठे गेले हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, आमच्यात ते तसंच ठरून गेलं. लंबूच्या बापाची इथे एकच लांब झोपडी होती, वीस फुटांची. त्याच्या आईने माझ्या आईला नळावर बघितलं, मी रडत होतो आणि आईकडे पाणी भरायला भांडं नव्हतं. तिने आपलं भांडं दिलं. भांडं परत करायला आई त्यांच्या दारात गेली तर ती म्हणाली, “चार दिवस राहा.” मधे एक चादर बांधली. चार दिवसांनी चादर काढायला हवी होती, कोणी काढली नाही. मग चादरीच्या जागी पुठ्ठे आले, पुठ्ठे भिजले तेव्हा फळ्या, आणि मला कळायला लागलं त्या सुमाराला पत्रा. लंबूच्या बापाने एवढं एक केलं, पत्र्याला खिळे मारले नाहीत, बोल्ट लावले. तेव्हाची माणसं म्हणायची, म्हाताऱ्याच्या मनात घर परत घ्यायचं आहे. म्हाताऱ्याने तोंडाने कधी काढलं नाही, भाडं म्हणून कधी हात पुढे केला नाही. पण माझी आई ते चार दिवस जन्मभर मोजत राहिली. मी पाय लांब करून बसलो की हळूच माझ्या नडगीवर चापट मारायची. “पाय जवळ घे. आपण पाहुणे आहोत.” अजून मी पाय पसरून बसत नाही. बायको थट्टा करते, घडी घातल्यासारखे बसता म्हणते. एकदा ओळीतल्या कोणाबद्दल तरी ती सहज म्हणाली, भटाला दिली ओसरी, भट हळूहळू पाय पसरी. मी दचकून पाय आणखी आत घेतले. तिला काही ठाऊक नव्हतं. मी “एकच” म्हणालो तेव्हा लंबूची लाज राखली असं सगळ्यांना वाटलं, बायकोलाही. मला मात्र तेव्हापासून वाटत होतं की चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी कोणा साहेबासमोर खरं बोललो. घर एकच होतं. मी मधेच बसलो होतो.

तीन आठवड्यांनी यादी लागली. ४१२ पुढे लंबूचं नाव होतं, मग थेट ४१३. बायकोने यादी बोट ठेवून दोनदा वाचली, मग हरकतीचा अर्ज स्वतः भरून आणला. मला फक्त सही कुठे करायची ते दाखवलं. पंधरा दिवसांच्या आत साहेब येऊन बघणार, दोन घरं दिसली तर दोन नंबर, नाहीतर यादी पक्की. तारीख कळली, रविवारची. दुसऱ्या दिवशी दीडशेएक चादरी झाल्यावर लंबू माझ्यापर्यंत आला आणि टोकं न घेता उभा राहिला.

“रविवारी ते परत येतायत,” तो म्हणाला. “मुलाकडचे. पक्कं करायला.”

“रविवारीच?”

“त्याच्या बापाला तीच सुट्टी. आपल्यासारखीच.”

मी चादर धरून उभा होतो. मागून पुढची चादर रुळांतून निघून खाली पडली. मुकादम ओरडला. लंबूने टोकं घेतली. पुढच्या चादरीला म्हणाला, “त्यांना दोन्ही खोल्या आमच्याच वाटल्यात. मी नाही सांगितलं. त्यांनीच बघितलं आणि धरून चालले.” त्याच्या पुढच्या चादरीला: “पोर आनंदात आहे रे.” मग शिट्टी होईपर्यंत नुसत्या चादरी. तो पत्रा काढशील का असं विचारत नव्हता. विचारलं असतं तर मी काढला असता, हे त्याला माहीत होतं, म्हणूनच विचारत नव्हता. मला त्याचा राग यायला हवा होता किंवा दया. मी आत चाचपून बघितलं, खिशात किल्ली चाचपावी तसं. काही लागलं नाही.

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास पलीकडून तीनदा ठोकलं गेलं. वहिनीच्या हाताचा आवाज होता, हलका. माझ्या हातात पान्हा होता. तो कधी उचलला ते मला आठवत नाही. बायको पत्र्याला पाठ लावून बसली होती. तिने आवाज ऐकला, पाठीतून ऐकला असणार.

“काढायचा नाही,” ती म्हणाली.

“पाहुणे येतायत त्यांच्याकडे.”

“येऊ देत. आपल्याकडे साहेब येतोय. मी सतरावी खोली बघणार नाही. सांगून ठेवते.”

ती मोठ्याने बोलली नव्हती, पण पत्रा तो पत्रा.  पलीकडून लंबूचा आवाज आला, बायकोला सांगत होता, “राहू दे. बाकं बाहेर काढ.” पुन्हा कोणी ठोकलं नाही. मी पान्हा खाली ठेवला. थोड्या वेळाने मुलाकडची माणसं आली. गटार उघडं होतं, आत्याबाई पदर नाकाला लावून उडी मारून आल्या. दहा फुटांत सात पाहुणे आणि तिघं घरचे. गुडघ्याला गुडघे लागले असणार, कारण “सरका जरा”, “तुम्ही बसा हो” एवढंच कितीतरी वेळ ऐकू येत होतं. मुलाचे वडील म्हणाले, “मागच्या वेळी मोठी वाटली होती.” वहिनी म्हणाली, “काम काढलंय जरा.” कसलं काम, ते कोणी विचारलं नाही.

साहेब आला तो वेगळाच होता, वयस्कर, बुटात गटाराचं पाणी गेलेलं. माझी खोली त्याने आत न येता बघितली आणि लंबूच्या दारात जाऊन उभा राहिला. मी त्याच्यामागे गेलो. बायको माझ्यामागे. आत सात पाहुण्यांच्या हातात सात कप होते आणि ठेवायला जागा नसल्याने ते हातातच राहिले होते. साहेबाने कागद चाळला. “इथे तर एकच लिहिलंय. रहिवाशाने स्वतः सांगितलं. कोणी सांगितलं होतं?”

“मी,” मी म्हणालो.

“मग आता दोन कशी झाली? पोटात होती?”

कोणी हसलं नाही. मी लंबूकडे बघितलं नाही, त्याच्या पायांकडे बघितलं. माझ्या डोक्यात उत्तर तयार होतं. एकच आहे साहेब, पहिल्यापासून एकच, माझी आई चार दिवसांसाठी आली होती. शब्द ओळीने उभे होते. मागच्या वेळी न बोलावता आला होता तो शब्द या वेळी दाताशी येऊन थांबला. मी तोंड उघडलंही. पण माझ्या पाठीला बायकोचा श्वास लागत होता, आणि मला ती खोली हवी होती. हवी होती एवढंच. मी तोंड मिटलं.

लंबू उठला. त्याला उठायला दोघांना सरकावं लागलं. डोकं छताला लागू नये म्हणून तो नेहमी वाकतो, तसा वाकून म्हणाला, “साहेब, दोन घरं आहेत. त्या दिवशी माझ्याकडे हे पाहुणे होते. माझी खोली मोठी दिसावी म्हणून आम्ही मधला पत्रा काढला होता. हा बोलला ते माझी लाज राखायला बोलला. माझी खोली एवढीच आहे, तुम्ही बघताय ती.”

मुलाच्या वडिलांनी कपातला चहा संपवला. आत्याबाईंनी कप खाली ठेवायला जागा शोधली, ती मिळेना, तेव्हा तो लंबूच्या मुलीच्या हातात दिला. पोरीने घेतला.

“किती वर्षांपासून दोन?” साहेबाने विचारलं.

“चाळीस-एकेचाळीस. त्याची आई आणि माझा बाप एकाच दिवशी आले इथे. आधी हा पत्रा उभा राहिला साहेब, मग त्याच्या दोन बाजूंना घरं झाली.”

इतक्या सहज बोलला. मी त्याच्याकडे बघितलं, पहिल्यांदा. तो माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, त्याला तो नळ आठवत असणार, ती चादर बांधताना तो तिथे असणार. त्याच्या या गोष्टीत माझ्या आईला कोणी भांडं दिलंच नव्हतं. चार दिवस राहा असं कोणी म्हटलंच नव्हतं. सात माणसांसमोर, जिथे स्वतःची अब्रू नुकतीच खाली ठेवली होती तिथेच उभं राहून, पाहुणी म्हणून आलेल्या माझ्या आईला त्याने घरधनीण केलं. मला काहीतरी वाटलं पाहिजे होतं. रडू तरी. मी साहेबाच्या ओल्या बुटाकडे बघत होतो.

साहेब पत्र्यापाशी गेला, टिचकी मारली. “हा निघतो?” लंबू म्हणाला, निघतो. “मग ही भिंत नाही. महिन्यात वीट घाला. वीट दिसली की दोन नंबर. पत्रा असेल तर एक.” त्याने कागदावर लिहिलं आणि उडी मारून गटार ओलांडलं. पाहुणेही उठले. मुलाचे वडील दारात लंबूला म्हणाले, “कळवतो.” ते वाईट माणूस नव्हते. मुलाने जाताना एकदा मागे वळून बघितलं. त्यांनी कळवलं नाही.

वीट आम्ही दोघांनीच घातली, गवंडी परवडला असता पण लंबू म्हणाला कशाला. पुढच्या रविवारी तो पलीकडून, मी अलीकडून. नऊ बोल्ट काढले, पत्रा बाहेर नेऊन गटारावर टाकला, आणि या वेळी तो तिथेच राहणार होता. पहिल्या थराला आम्ही समोरासमोर उकिडवे बसलो होतो. मग भिंत छातीपर्यंत आली तेव्हा थापी एकच होती म्हणून ती वरून इकडून तिकडे जात राहिली. माझ्या डोक्यावर भिंत गेली तरी त्याचं कपाळ दिसत होतं. मी स्टुलावर चढलो. त्याची पोर पलीकडून विटा देत होती. मला म्हणाली, “काका, बरंच झालं. त्या आत्याबाईंना माझे पाय मोठे वाटले होते.” मी हसलो. लंबूने शेवटची वीट हातात घेऊन बघितली, मग म्हणाला, “ताण.” सवयीने म्हणाला. ताणायला काही नव्हतं. मी म्हटलं, “बसव.” त्याने वीट बसवली.

नंबर मिळाला, ४१२ अ. बायकोने आडवी रेघ खरवडून काढली आणि ‘अ’ भोवती हाताने चौकट रंगवली. संध्याकाळी मला म्हणाली, “आता तरी पाय पसरा.” मी पसरले. भिंतीपर्यंत पोचले नाहीत, मी टिंगू माणूस. थोड्या वेळाने ती वळली तेव्हा मी ते परत जवळ घेतले. धुलाईत चादरी चालूच आहेत. तो हात खाली धरतो, मी टाचा उचलतो. मी त्याला काही म्हणालेलो नाही. म्हणेन असं रोज रुळांपाशी वाटतं आणि चारशेव्या चादरीला वाटेनासं होतं. पलीकडचा खोकला आता ऐकू येत नाही. तो बरा झाला की नाही, हे मला कामावर गेल्यावर कळतं.

काल दुपारी मी एकटाच घरात होतो. बाहेर गटारावरचा पत्रा वाजला. मी मोजलं नाही, कानांनीच मोजलं. सहा माणसं. मग वहिनीचा तो पाहुण्यांसाठी वर चढवलेला आवाज, या, या, बसा. पोरीला बघायला दुसरं कोणी आलं असणार. दार लावलं गेलं आणि आवाज तुटला. सहा ते आणि तिघं हे. आत्ता सरकत असतील. कप हातात धरून बसले असतील. माझी अख्खी खोली रिकामी होती, पुसलेली, मधोमध मी घडी घालून बसलेलो. कोपऱ्यात पत्र्याचे नऊ बोल्ट डब्यात होते, बायकोने ते टाकू दिले नाहीत, लोखंड आहे म्हणाली. पलीकडून वहिनीने सवयीने ठोकलं असेल का? ठोकलं असेल तरी मला कळणार नव्हतं. मी उठलो, भिंतीपाशी गेलो आणि मुठीने तीनदा ठोकलं. विटेतून काहीच गेलं नाही. पुन्हा ठोकलं, जोराने. मग आणखी जोराने, तीन तीन वेळा, मधे थांबून, तिकडून कोणी बोल्ट धरेल म्हणून थांबावं तसं. हात खाली आणला तेव्हा पेरांवरची सालं निघालेली दिसली. बघेपर्यंत कळलं नव्हतं. मग हळूहळू कळायला लागलं, आधी एका पेराला, मग सगळ्यांना. दुखत होतं. बायको येईपर्यंत मी तिथेच उभा होतो, हात पाण्यात घातला नाही, न जाणो दुखायचं थांबलं तर.